सापांचे प्रजनन-वर्तन व शरीरस्थिती

सापांचे प्रजनन-वर्तन व शरीरस्थिती : निसर्गात मुक्तपणे राहणाऱ्या सापांमध्ये मादीचा शोध, नरांमधील झुंज, प्रणयाराधन, मीलन, अंडी घालणे किंवा पिले प्रसवणे ही वर्तने एका ठराविक क्रमाने घडतात. या वर्तनांवर सापाच्या शरीरात त्या वेळी असलेल्या अन्नसाठ्याचा, म्हणजेच त्याच्या पुष्टतेचा किंवा कृशतेचा, फार मोठा प्रभाव असतो. साप हा अनियततापी (परिसराच्या तापमानानुसार शरीराचे तापमान बदलणारा) प्राणी असून त्याच्या आयुष्याचा बराचसा काळ बिळात, दगडांच्या कपारींत किंवा पालापाचोळ्याखाली निश्चल अवस्थेत जातो. त्यामुळे त्याचे खाजगी जीवन माणसाच्या नजरेस क्वचितच पडते आणि जे पडते ते बहुधा काही क्षणांपुरतेच. अशा अपुऱ्या दर्शनावरून सापांविषयी जेवढ्या समजुती रूढ झाल्या आहेत, तेवढ्या अन्य कोणत्याही प्राण्याविषयी क्वचितच असतील.

नरांची झुंज : शेताच्या बांधावर किंवा गवताळ माळावर दोन लांब साप एकमेकांना पीळ घालून, शरीराचा पुढचा भाग जमिनीपासून वर उचलून डोलताना दिसले, तर ती नर-मादीची जोडी आहे असेच पाहणारा गृहीत धरतो. महाराष्ट्रात असे दृश्य बहुधा धामणींचे असते. वास्तविक हे दोन्ही नर असतात आणि जे चाललेले असते ते मीलन नसून कुस्ती असते. प्रत्येक नर प्रतिस्पर्ध्याच्या वर डोके नेऊन त्याचे डोके व मान जमिनीकडे दाबण्याचा प्रयत्न करतो. दोघांची शरीरे दोरीसारखी एकमेकांत गुंतत जातात, सुटतात व पुन्हा गुंततात. एरवी पकडले असता त्वेषाने चावणारी धामण या झुंजीत सहसा चावत नाही. काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत, कधीकधी त्याहूनही जास्त वेळ चाललेल्या या झटापटीनंतर एक नर माघार घेऊन वेगाने निघून जातो. मादी आसपास असतेच असे नाही. पण पुष्कळदा ती जवळच्या झुडपात किंवा बिळात असते.

जुन्या निसर्गवैज्ञानिकांनीही या झुंजीचे वर्णन ‘प्रणयनृत्य’ असेच केलेले आढळते. सापात नर व मादी बाहेरून सहज ओळखता येत नाहीत, हे या चुकीचे मुख्य कारण होय. नराचे शेपूट मादीच्या मानाने लांब असते व त्याचा मुळाकडील भाग जाड असतो, परंतु हा फरक सरावलेल्या डोळ्यालाच कळतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात अशा गुंतलेल्या जोड्या पकडून त्यांचे लिंग तपासण्यास सुरुवात झाली, तेव्हा दोन्ही साप नर असल्याचे एकामागून एक जातींत दिसून आले. नाग, नागराज, घोणस, अमेरिकेतील खुळखुळ्या साप (रॅटलस्नेक) आणि यूरोपातील ॲडर या सर्पांतही अशी झुंज होते.

झुंज आणि शरीराचा आकार यांचा संबंध लक्षणीय आहे. ज्या जातींत नर झुंजतात त्या जातींत बहुधा नर मादीहून मोठे असतात किंवा निदान तिच्या बरोबरीचे असतात. धामण व नागराज ही याची परिचित उदाहरणे होत. ज्या जातींत झुंज नसते, उदा., दिवड व नानेटी, त्यांत मादी मोठी असते, कारण मोठ्या देहात अंडी अधिक मावतात. ऑस्ट्रेलियन प्राणिवैज्ञानिक रिचर्ड शाइन यांनी अनेक जातींची तुलना करून ही गोष्ट १९७८ मध्ये व पुढे १९९४ मध्ये दाखवून दिली. कुस्तीत वजनदार नराचे पारडे जड असते, हे त्यामागील साधे कारण आहे. येथेच शरीरस्थितीचा प्रश्न प्रथम उद्‌भवतो. कारण उन्हाळ्यापूर्वी पोटभर उंदीर न मिळालेला धामणीचा नर लांबीने मोठा असला, तरी त्याला दीर्घ झुंज पेलत नाही.

नाग आणि धामण : धामण ही नागाची मादी असून त्या दोहोंचे मीलन होते, ही समजूत महाराष्ट्राच्या बहुतेक सर्व भागांत आढळते. मराठीत ‘नाग’ हा शब्द पुल्लिंगी आणि ‘धामण’ स्त्रीलिंगी असल्याने ती अधिकच दृढ झाली असावी. ही दोन सापांची अगदी भिन्न कुले आहेत. नाग विषारी व धामण बिनविषारी आहे. त्यांच्यात संकर होत नाही. उलट नाग इतर साप खातो व त्याच्या भक्ष्यात लहान धामणही असू शकते. नागांत नर व मादी दोन्ही असतात, तसेच धामणींतही.

गुंतलेल्या सापांवर पांढरे किंवा नवे कापड टाकून ते घरात जपून ठेवल्यास भरभराट होते, अशीही श्रद्धा आहे. कापड टाकण्याने सापांचे फारसे नुकसान होत नसले, तरी ते टाकण्यासाठी गोळा झालेल्या जमावाकडून पुष्कळदा दोन्ही साप मारले जातात. जोडीतील एकाला मारले तर दुसरा सूड घेतो, ही समजूत मात्र पूर्णपणे निराधार निरीक्षणावर आधारलेली नाही. मादी मेली तरी तिच्या कातडीचा व तिने जमिनीवर सोडलेल्या मागाचा गंध काही काळ टिकतो, आणि त्या गंधाच्या अनुरोधाने नर त्या ठिकाणी येऊ शकतो. आलेल्या सापाच्या मनात सूडाची भावना नसते. माणसाचा चेहरा लक्षात ठेवण्याइतकी त्याच्या मेंदूची वाढ झालेली नसते व तशी नजरही त्याला नसते.

गंध व मीलन : प्रजननक्षम मादीच्या त्वचेतून तेलकट गंधद्रव्ये बाहेर पडतात. कात टाकल्यानंतर लगेच त्यांचा प्रभाव अधिक असल्याचे अनेक जातींत दिसते. नर आपली दुभंगलेली जीभ वारंवार बाहेर काढून जमिनीवरील व हवेतील गंधकण टिपतो आणि टाळूतील याकोपसन अंगाकडे पोहोचवितो. जिभेच्या दोन टोकांवर आलेल्या गंधाच्या तीव्रतेतील फरकावरून मादी कोणत्या बाजूस गेली हे त्याला कळते. मादी सापडल्यावर नर तिच्या पाठीवर हनुवटी घासत पुढे सरकतो, स्वतःचे शरीर तिच्या शरीराशी समांतर आणतो आणि शेपूट तिच्या शेपटाखाली नेऊन अवस्कराची (आतडे, मूत्रवाहिन्या व जननवाहिन्या ज्यात उघडतात त्या समाईक कोष्ठाची) मुखे जुळवितो. नराला दोन अर्धशिश्ने असतात. ती एरवी शेपटाच्या मुळाशी आत वळलेली असतात व एका वेळी त्यांपैकी एकाचाच उपयोग होतो. त्यांवर बऱ्याच जातींत काटे असतात व ती मादीच्या शरीरात घट्ट बसतात. म्हणून जुळलेली जोडी काठीने किंवा हाताने ओढून विलग केली, तर दोघांनाही गंभीर इजा होऊ शकते.

मीलन हे झुंजीच्या मानाने अगदी शांत दृश्य असते. दोन्ही साप जमिनीवर पसरलेले, शेपटाकडे जोडलेले आणि बराच वेळ जवळजवळ स्थिर असतात. मादी सरकली तर नर तिच्यामागे ओढला जातो. तासन्‌तास चालणाऱ्या या क्रियेकडे पाहणाऱ्याचे बहुधा लक्षही जात नाही. पुष्कळ जातींच्या माद्या नराचे शुक्राणू जननमार्गात काही महिने साठवून ठेवू शकतात, त्यामुळे मीलनाचा काळ व निषेचनाचा (फलनाचा) काळ एकच असेल असे नाही. घराच्या ओलसर कोपऱ्यात किंवा कुंडीतील मातीत आढळणाऱ्या वाळा या गांडुळासारख्या सापात तर नरच नाहीत. सर्व माद्या असून त्या अनिषेकजननाने (नराशिवाय) प्रजा निर्माण करतात.

ऋतुमान : भारतात पुष्कळ सापांची पिले पावसाळ्याच्या आरंभी किंवा त्या सुमारास बाहेर पडतात, त्या वेळी बेडूक, सरडे, उंदरांची पिले यांची विपुलता असते. नागाचे मीलन हिवाळ्याच्या अखेरीस होते, मादी उन्हाळ्यात १२ ते ३० अंडी घालते व सु. दोन महिन्यांनी ती फुटतात. घोणस हिवाळ्यात जुळते व मे ते जुलैच्या दरम्यान पिले प्रसवते. त्यांची संख्या साधारणतः २०–४० व क्वचित त्याहूनही अधिक असते. मादीच्या शोधात नर घोणस हिवाळ्यात अधिक हिंडतो व उन्हात पडून राहतो. त्याच सुमारास रब्बीच्या शेतात माणसांचा वावर असतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सु. ५८,००० माणसे मृत्यू पावली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. सापाचे ऋतुचक्र जाणून घेण्याची गरज या आकड्यावरून स्पष्ट होते.

नागराज हा अंड्यांसाठी घरटे करणारा साप होय. पश्चिम घाटात पावसाळ्यापूर्वी मादी शरीराच्या वेटोळ्याने पालापाचोळा ओढून ढीग रचते, त्यात अंडी घालते व काही आठवडे त्यांवर किंवा जवळ बसून राखण करते. कर्नाटकातील आगुंबे येथे रॉम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये संशोधन केंद्र स्थापन केले आणि २००८ पासून तेथे नागराजांच्या शरीरात लहान रेडिओ-प्रेषक बसवून त्यांचा मागोवा घेण्यात आला. मीलनकाळात नर मादीच्या मागावर दूरवर जातात हे त्यातून दिसले.

थंड प्रदेशातील दोन उदाहरणे : सापांचे मीलन व त्यांची शरीरस्थिती यांविषयीचे बरेचसे खात्रीलायक ज्ञान थंड प्रदेशांतून आले आहे, कारण तेथे दीर्घ हिवाळ्यानंतर साप एकाच वेळी व एकाच ठिकाणी बाहेर येतात. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नारसीस येथे चुनखडकातील विवरांमध्ये लाल पट्ट्यांचे गार्टर साप हजारोंच्या संख्येने शीतनिष्क्रिय अवस्थेत राहतात. एप्रिलअखेरीस व मे महिन्यात नर आधी बाहेर पडतात व विवरापाशीच थांबतात. माद्या एकेक करून येतात. मादी दिसताच डझनावारी नर, कधी शंभरपर्यंतही, तिच्याभोवती गोळा होऊन सापांचा जिवंत चेंडू तयार होतो. येथे कुस्ती नसते. शेपूट जुळविण्याची घाई असते. मीलनानंतर नर मादीच्या अवस्करात चिकट द्रव्याचे बूच सोडतो व त्यामुळे तिला काही काळ दुसऱ्या नराशी जुळता येत नाही. मादीच्या त्वचेतील आकर्षक द्रव्ये मेथिल कीटोन या प्रकारची असल्याचे रॉबर्ट मेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सिद्ध केले. त्यापूर्वी १९८५ मध्ये मेसन व डेव्हिड क्रूझ यांनी मादीसारखा गंध असलेले नरही येथे असतात असे नोंदविले होते. नुकताच बाहेर आलेला गारठलेला नर असा गंध सोडून इतर नरांना अंगाभोवती जमवितो व त्यांची ऊब मिळवितो, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. या सर्व काळात नर काहीही खात नाहीत. पूर्वीच्या उन्हाळ्यात पाणथळ जागी खाऊन साठविलेल्या चरबीवर त्यांचे आठ महिन्यांचे निष्क्रिय जीवन व त्यानंतरची धावपळ चालते. विवरे व पाणथळी यांच्यामधून जाणाऱ्या महामार्गावर साप मोठ्या प्रमाणात चिरडले जात असत. पुढे तेथे अटकाव करणारी कुंपणे व रस्त्याखालून बोगदे करण्यात आले.

दुसरे उदाहरण दक्षिण स्वीडनमधील स्मीगेहूक येथील ॲडर सापांचे आहे. शेतीमुळे ही लहान वसाहत इतर वसाहतींपासून तुटली होती. तेथील माद्यांना मृत व व्यंग असलेली पिले मोठ्या प्रमाणात होत व संख्या घटत चालली होती. साप पुष्ट होते, अन्न होते. दोष आप्तांतर्गत प्रजननाचा होता. टोमास माडसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दुसऱ्या वसाहतीतील २० नर तेथे आणून सोडले व काही वर्षांनी उरलेले परत नेले. त्यानंतर वसाहतीची संख्या झपाट्याने वाढली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दोन गोष्टी दाखविल्या : सुदृढ दिसणारी शरीरे म्हणजे सुदृढ वसाहत नव्हे, आणि बेटासारख्या उरलेल्या माळरानांवरील सापांना परक्या नरांची वाट मोकळी असणे अत्यावश्यक आहे.

शरीरस्थितीचे मापन : साप पुष्ट आहे की रोड, हे केवळ वजनावरून ठरत नाही. लांबी दुप्पट झाली आणि आकार तोच राहिला तर वजन आठपट होते, म्हणून वजनाला लांबीने भागून काढलेला आकडाही फसवा असतो. त्यासाठी एका वसाहतीतील पुष्कळ सापांची नासाग्रापासून अवस्करापर्यंतची लांबी व वजन घेतात, त्यांवरून त्या लांबीच्या सापाचे अपेक्षित वजन काढतात आणि प्रत्यक्ष वजन त्यापेक्षा किती कमी वा जास्त आहे ते पाहतात. शेपूट मोजणीत धरत नाहीत, कारण ते तुटलेले असण्याचा संभव असतो. नुकतेच भक्ष्य गिळलेला साप व गाभण मादी यांची मापे वेगळी ठेवावी लागतात. अनुभवी निरीक्षक हात न लावताही काही अंदाज करतो : पोसलेल्या सापाचे अंग भरदार व गोलसर दिसते, उपाशी सापाची पाठीची कणा-रेषा वर येते, कुशीच्या कातडीला लांबट घड्या पडतात आणि शेपटाचा मुळाकडील भाग आत बसतो. मात्र निर्जलीकरण झालेला सापही असाच दिसतो.

सापाची चरबी मुख्यतः उदराच्या मागील भागातील वसापिंडांत साठते. मादीच्या अंड्यांतील पीतक (बलक) बव्हंशी याच साठ्यातून तयार होते. पुष्कळ पक्षी रोज खाऊन रोज अंड्यांसाठी खर्च करतात. अनेक साप, विशेषतः घोणस कुलातील, आधी साठवितात व साठा पुरेसा झाल्यावरच प्रजननास लागतात. पश्चिम फ्रान्समधील ॲस्प घोणशीवर झाव्हिए बॉने व गी नोलो यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासात असे दिसले, की चरबीची विशिष्ट मर्यादा ओलांडल्याखेरीज मादीच्या अंडाशयात पीतक भरण्यास सुरुवातच होत नाही. ती मर्यादा गाठण्यास दोन किंवा अधिक वर्षे लागतात. पिले प्रसवल्यानंतर मादी इतकी खंगते, की पुष्कळशा माद्या पुन्हा प्रजनन करण्याइतक्या जगतच नाहीत. अशा जातीत एक प्रौढ मादी मारली जाणे म्हणजे कित्येक वर्षांची साठवण नष्ट होणे होय.

अन्नाच्या चढउताराचा परिणाम उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विन शहराजवळील फॉग डॅम येथे उत्तम प्रकारे दिसला. तेथील पाण-अजगर प्रामुख्याने एकाच जातीच्या उंदरांवर जगतात. उंदरांची संख्या पावसाच्या मानाने कमीअधिक होते. उंदीर मुबलक असलेल्या वर्षी माद्या पुष्ट होऊन मोठ्या प्रमाणात अंडी घालतात, दुष्काळी वर्षी फारच थोड्या घालतात. आपल्याकडील नाग व धामण यांचे जीवनही धान्याच्या शेतातील उंदरांशी असेच बांधलेले आहे. उंदरांसाठी ठेवलेल्या विषाचा परिणाम म्हणूनच सापावर दुहेरी होतो : भक्ष्य नाहीसे होते आणि विष खाल्लेला उंदीर गिळण्याचाही धोका राहतो.

अजगराची मादी [→ अजगर] अंड्यांभोवती वेटोळे घालून सु. दोन महिने बसते व या काळात बहुधा काहीही खात नाही. शिवाय ती स्नायू वारंवार आकुंचित करून उष्णता निर्माण करते. लामार-पीको या फ्रेंच प्रवाशाने भारतातील निरीक्षणांवरून १८३२ च्या सुमारास हे सांगितले, तेव्हा पॅरिसमधील विद्वानांनी ते खरे मानले नाही. १८४१ मध्ये तेथीलच संग्रहालयातील अजगराच्या मादीचे तापमान वालांसीएन यांनी मोजले आणि प्रवाशाचे म्हणणे खरे ठरले. १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथील प्राणिसंग्रहालयातील मादीवर केलेल्या मोजणीत तिचे शरीर परिसरापेक्षा सु. ५° से. पर्यंत अधिक उष्ण राहत असल्याचे व त्यासाठी ती बरीच ऊर्जा खर्च करीत असल्याचे आढळले. अंडी फुटेपर्यंत मादीचे वजन बरेच घटलेले असते. असे वेटोळे घालून बसलेले अजगर सुस्त वाटते, त्यामुळे ते पकडून हलविणे सोपे असते. मादी गेली की अंडी मात्र बहुधा वाया जातात.

मानवी हस्तक्षेप : गारुड्याच्या टोपलीतील नाग हे हीन शरीरस्थितीचे सर्वांत परिचित उदाहरण होय. दात काढलेला, कित्येकदा तोंड शिवलेला नाग भक्ष्य घेऊ शकत नाही. नागपंचमीपूर्वी त्याला दिवसचे दिवस पाणी दिले जात नाही, म्हणूनच पुढे ठेवलेले दूध तो पितो. दूध हे सापाचे अन्न नाही. ते त्याला पचत नाही व त्यानंतर बरेच नाग मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडणे, बाळगणे व मारणे यांवर निर्बंध आले. सापांच्या कातडीच्या निर्यातीवर १९७६ मध्ये बंदी आली. या व्यापारात धामणींचा वाटा मोठा होता, आणि लांबरुंद कातडीला अधिक मागणी असल्याने पूर्ण वाढलेले साप प्रथम बळी पडत. कातड्यांसाठी साप पकडणाऱ्या तमिळनाडूतील इरुला जमातीच्या लोकांनी १९७८ मध्ये सहकारी संस्था स्थापन केली. साप पकडून त्यांचे विष काढावयाचे व नंतर ते सोडून द्यावयाचे, असे तिचे कार्य आहे.

महाराष्ट्रात गावोगावी सर्पमित्र घरात शिरलेले साप पकडून रानात सोडतात व त्यामुळे असंख्य सापांचे प्राण वाचले आहेत. परंतु दूर सोडलेल्या सापाची पुढील स्थिती क्वचितच पाहिली जाते. आगुंबे येथे स्थानांतरित केलेला एक नागराज आपल्या मूळ क्षेत्रातील सापाच्या मानाने कितीतरी अधिक भटकल्याचे रेडिओ-प्रेषकावरून दिसून आले. अनोळखी भागात भक्ष्याच्या जागा, लपण्याची बिळे व माद्यांचे माग यांपैकी काहीच सापाला ठाऊक नसते. साठविलेली चरबी भटकण्यातच खर्ची पडते. म्हणून पकडलेला साप शक्यतो त्याच परिसरात, जवळच्या सुरक्षित आडोशाला व लवकरात लवकर सोडणे, गाभण मादी पिशवीत अधिक काळ न ठेवणे आणि मीलनात किंवा झुंजीत असलेले साप वस्तीपासून दूर असल्यास त्यांना मुळीच न पकडणे, ही पद्धत जाणकार सर्पमित्र पाळतात. झुंज संपली की हरलेला नर आणि बहुधा थोड्या वेळाने जिंकलेला नरही तेथून आपोआप निघून जातो.